साठ्यांच्या तबल्याचं बोट धरून फ्री जॅझकडे

१९६७ च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टच्या परिसरात, फिलिंगेन नावाच्या गावी आठ वादक एका स्टुडिओत जमले. स्टुडिओ साबा या रेडिओ संच बनवणाऱ्या कंपनीचा होता. आठांपैकी पाच जण युरोपातले जॅझ वादक. पियानोवर स्वित्झर्लंडची आयरीन श्वाइत्सर, डबल बासवर उली ट्रेप्टे, ड्रमवर मानी नॉयमायर, ट्रंपेटवर जर्मनीचा मानफ्रेड शोफ आणि सॅक्सोफोनवर फ्रान्सचा बार्नी विलेन. उरलेले तिघे भारतीय. दिवाण मोतीहार सतार वाजवत आणि गात, तंबोऱ्यावर कुसुम ठाकूर होत्या, आणि तबल्यावर केशव साठे. या बैठकीतून जी रेकॉर्ड निघाली तिचं नाव ‘जॅझ मीट्स इंडिया’. जॅझचे जाणकार समीक्षक आणि निर्माते योआखिम-एर्न्स्ट बेरेंट यांनी ‘जॅझ मीट्स द वर्ल्ड’ अशी एक मालिका काढली होती, त्यातली ही एक.

केशव साठे १९२८ साली मुंबईत जन्मले, १९५६ मध्ये लंडनला गेले आणि २०१२ मध्ये वारले. युरोपातल्या फ्री जॅझच्या पहिल्या पिढीबरोबर, तिच्या अगदी उमेदीच्या काळात, एक मराठी तबलजी वाजवत होता ही गोष्ट आपल्याकडच्या तबल्याच्या गप्पांत जवळजवळ कधीच निघत नाही. ती निघावी असं मला मनापासून वाटतं. पण नुसता अभिमान बाळगून रेकॉर्ड ऐकून होत नाही. अनेकांनी उत्सुकतेनं ती लावली आणि पाच-सात मिनिटांत बंद केली असेल याची मला खात्री आहे, कारण फ्री जॅझ पहिल्यांदा कानावर पडतं तेव्हा ते सगळ्यांनी एकाच वेळी बोलावं तसं वाटतं. म्हणून ती ऐकायची कशी, कुठून आत शिरायचं, हे आज सांगतो. आपल्या जबलपुरात, नेपियर टाउनातल्या मराठी घरांत रागदारी ऐकणारे कान अजून आहेत, आणि या रेकॉर्डसाठी लागणारी बरीचशी तयारी त्या कानांजवळ आधीपासून आहे.

आधी जागेचं आणि वेळेचं पाहू. आमच्या भागात शास्त्री पुलाची रहदारी रात्री साडेनऊ-दहापर्यंत थांबत नाही, मदन महाल स्टेशनकडून गाड्यांच्या शिट्या येतात, आणि एप्रिल ते जून घरोघरी कूलर चालू असतो. कूलरची घरघर तंबोऱ्याच्या जवळपासच्या पट्टीत बसते आणि त्याला गिळून टाकते. उन्हाळ्यात ही रेकॉर्ड ऐकायची तर रात्री अकरानंतर अर्धा तास कूलर बंद करा, घाम आला तरी चालेल. त्याहून बरं म्हणजे पावसाळा सरल्यावर, दिवाळीनंतरच्या गार रात्री ऐका. फोनच्या स्पीकरवर मात्र मुळीच ऐकू नका. त्या इवल्या स्पीकरमधून डग्ग्याचा घुमारा येत नाही, डबल बास तर जवळजवळ नाहीसाच होतो, आणि मग उरतो तो नुसता ट्रंपेट-सॅक्सोफोनचा कलकलाट. साधे हेडफोन चालतील, दोन बरे स्पीकर असतील तर उत्तम. साबाचे मालक हान्स गेओर्ग ब्रुनर-श्वेर स्वतः ध्वनिमुद्रणातले निष्णात होते. ऑस्कर पीटरसनसारखा पियानोवादक त्यांच्या घरच्या दिवाणखान्यात वाजवत असे आणि ते स्वतः ते टिपून घेत. पुढे त्यांचा हा रेकॉर्डींचा व्यवसाय एमपीएस नावानं जॅझच्या जगात ओळखला गेला. सांगायचं कारण हे की वाद्यांचा वेगळेपणा या ध्वनिमुद्रणात शाबूत आहे. तो तुमच्या कानापर्यंत पोचू द्या.

आता फ्री जॅझमध्ये नेमकं काय सोडून दिलेलं असतं ते समजून घेऊ, म्हणजे कान नसलेल्या गोष्टीची वाट पाहत बसणार नाही. नेहमीच्या जॅझमध्ये एक धून असते. बहुतेक वेळा बत्तीस मात्राखंडांची, आणि तिच्याखाली स्वरसंघांचा एक ठरलेला क्रम. धून एकदा वाजली की तो क्रम आवर्तनासारखा फिरत राहतो आणि एकेक वादक त्यावर आपली उपज करतो. बास आणि ड्रम पाया धरून ठेवतात. १९६० च्या सुमारास काही वादकांनी हा क्रम सोडला. काहींनी ठरलेली लयही सोडली. बासनं पायाच धरायचा, ड्रमनं ठोकाच द्यायचा, ट्रंपेटनं पुढे यायचं आणि बाकीच्यांनी मागे राहायचं, ही कामाची वाटणीही सोडली. २१ डिसेंबर १९६० रोजी ऑर्नेट कोलमननं न्यूयॉर्कमध्ये आठ वादकांना घेऊन जी रेकॉर्ड केली तिचंच नाव ‘फ्री जॅझ’, आणि पुढे तेच नाव त्या सगळ्या संगीताला पडलं. त्याच वर्षी, त्याच्या थोडं आधी, लंडनमध्ये जो हॅरियट नावाचा जमैकातून आलेला सॅक्सोफोनवादक याच वाटेनं ‘फ्री फॉर्म’ ही रेकॉर्ड करून बसला होता. क्षयानं इस्पितळात पडून असताना त्याच्या डोक्यात ही कल्पना शिजली. हॅरियटकडे पुन्हा येऊ, कारण साठ्यांचा तबला त्याच्याही शेजारी बसला.

क्रम नाही, ठेका नाही, मग ऐकायचं काय? रागसंगीत ऐकणाऱ्याला हा प्रश्न पडायचं खरं तर कारण नाही. आलाप आपण विनातालच ऐकतो. ख्याल सुरू होण्याआधी गायक दहा मिनिटं एकाच स्वराभोवती फिरला तरी आपण समेची वाट पाहत नाही, तो स्वर कसा लागतोय याकडे आपलं लक्ष असतं. आपल्या शास्त्रानं फार पूर्वीच संगीताचे निबद्ध आणि अनिबद्ध असे दोन भाग मानले आणि दोन्हींना सारखा मान दिला. अडचण येते ती दुसऱ्याच कारणानं. आलापात एक जण बोलतो आणि बाकीचे त्याला साथ देतात. इथे पाच-सहा जण एकाच वेळी आलाप करत असतात. म्हणजे ताल नसणं ही आपली अडचण नाहीच, नायक नसणं ही आहे. हे एकदा ध्यानात आलं की अर्धा गोंधळ ओसरतो.

भेडाघाटला धुआँधार धबधब्याच्या कठड्याशी तुम्ही कितीदा तरी उभे राहिला असाल. पहिल्यांदा नुसती गर्जना ऐकू येते. तिथंच थोडा वेळ उभं राहिलं की कान ती वेगळी करू लागतो: मधला जाड लोट एका आवाजाचा, कडेनं खडकावर फुटणारं पाणी दुसऱ्या आवाजाचं, खाली कुंडातली घुसळण तिसरी. पाणी बदललेलं नसतं, कान स्थिरावलेला असतो. या रेकॉर्डला तेवढाच अवधी द्या.

पहिल्या ऐकण्यात फक्त तबल्याचा माग काढा. बाकीचं काय चाललंय त्याची काळजी करू नका. साठ्यांचा तबला हा ओळखीचा उंबरठा आहे. ठेका सुरू असेल तिथे मात्रा मोजा, आवर्तन सापडतं का पाहा. ठेका सुटून नुसते बोल येत असतील तिथे ते कोणाला उद्देशून आहेत ते पाहा, सतारीला, ड्रमला, की कोणालाच नाही? तबला गप्प असेल तेव्हा ती शांतताही मोजा. साथसंगत करणारा तबलजी केव्हा हात आवरतो यावरून त्याची समज कळते, हे तुम्हाला मैफलींतून माहीतच आहे. इथे साठ्यांसमोरचा प्रश्न अवघड होता. समेवर यायला समोरच्यांकडे समच नाही. अशा वेळी एक तर आपला ताल घट्ट धरून बसायचं, किंवा तो सोडून नुसत्या नादात उतरायचं. ते कुठे काय करतात हे ऐकणं मला या रेकॉर्डमधलं सर्वांत गुंतवणारं काम वाटतं.

क्रमानं ऐकायची गरज नाही. पहिल्या बाजूवर ‘सन लव्ह’ ही लांब रचना आहे. नवख्यानं तिथून सुरुवात केली की दम लागतो. दुसऱ्या बाजूवरच्या ‘याद’पासून सुरुवात करा, मग ‘ब्रिगाख अँड गँजेस’ ऐका, आणि ‘सन लव्ह’ शेवटी घ्या. ब्रिगाख ही फिलिंगेनमधून वाहणारी छोटी नदी. ती पुढे ब्रेग नदीला मिळते आणि त्या दोघींची डॅन्यूब होते. युरोपातल्या एवढ्या मोठ्या नदीचा उगम स्टुडिओच्या इतक्या जवळ होता. नर्मदेच्या काठच्या माणसाला त्या वादकांनी आपल्या रचनेला नदीचं नाव का दिलं हे वेगळं समजावून सांगायला नको.

दुसऱ्या ऐकण्यात तंबोऱ्याला धरा. सुरुवातीलाच षड्ज शोधा आणि तोंडानं हलकेच गुणगुणत राहा. घरात सुरपेटी असेल किंवा फोनवर तंबोऱ्याचं अॅप असेल तर त्यावर तो स्वर लावून घ्या. मग पियानो, ट्रंपेट आणि सॅक्सोफोन त्या षड्जापासून किती दूर जातात, केव्हा परत येतात, की परत यायचं त्यांच्या मनातच नाही, हे कळू लागेल. डबल बासकडे याच वेळी कान लावा. तो ठोका धरून चालतो आहे, की सतारीच्या खालून आपल्या वाटेनं फिरतो आहे? ट्रेप्टेचा बास हा या रेकॉर्डमधला सर्वांत सहज निसटून जाणारा आवाज आहे, कारण तंबोरा आणि डग्गा दोन्ही त्याच्याच मुलखात वावरतात.

याच टप्प्यावर अनेकांना पियानो बेसूर वाटतो. ते वाटणं खोटं नाही आणि त्याबद्दल संकोचही नको. पियानोचे बारा स्वर सारख्या अंतरावर कापलेले असतात. त्यामुळे त्याचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. एका अर्धस्वराचे १०० सेंट धरले तर हा फरक छोटा, पण सरावलेल्या कानाला बोचणारा. पेटीबद्दल आपल्याकडे हाच वाद झाला. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली ती सत्तरच्या दशकापर्यंत पूर्णपणे उठली नाही, आणि दरम्यान आपल्या घरांत, देवळांत, नाट्यसंगीतात पेटी वाजतच राहिली. तिच्या गंधाराशी आपण जमवून घेतलं, इतकं की आज तो खुपत नाही. श्वाइत्सरच्या पियानोशीही जमवून घेता येतं. शिवाय ती पियानो स्वरांसाठी जितका वाजवते तितकाच आघातांसाठी वाजवते. ती ड्रमही वाजवत असे, आणि बोटांचा तो स्वभाव पट्ट्यांवर ऐकू येतो. शाफहाउजेनजवळच्या तिच्या आईवडिलांच्या खानावळीत नाचगाण्याचे बँड यायचे, तिथे ऐकून ऐकून ती शिकली. पियानोकडे स्वरवाद्य म्हणून न पाहता तालवाद्य म्हणून ऐकून पाहा. साठे, नॉयमायर आणि श्वाइत्सर अशी तीन तालवाद्यांची बैठक एकदम समोर येईल.

तिसऱ्या ऐकण्यासाठी मी हीच बैठक राखून ठेवायला सांगेन. तबला आणि ड्रम यांच्यातला मुख्य भेद वेगाचा नाही, नादाचा आहे. तबल्याची चाट, लव आणि शाई यांवरून निघणारे बोल ठरलेल्या स्वराला मिळवलेले असतात, एकेका बोलाला नाव असतं, आणि ती नावं तोंडानं म्हणता येतात. ड्रमच्या झांजांना ठरावीक स्वर नसतो, त्यांचा नाद पसरतो आणि बाकीच्यांवर पांघरुणासारखा जातो. नॉयमायरनं झांज जोरात उघडली की साठ्यांच्या चाटेची किनार झाकली जाते. तो ती केव्हा उघडतो आणि केव्हा आवरती घेतो, हे ऐका. इथे दोघांपैकी कोण दुसऱ्याला जागा देतो हे ठरवणं तुमच्या कानावर आहे, आणि त्यावर दोन श्रोत्यांचं एकमत होईलच असं नाही. पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, नॉयमायर आणि ट्रेप्टे यांनी ‘गुरू गुरू’ नावाचा बँड काढला आणि ते रॉककडे वळले. नावातच कळतं की कानात काय राहिलं होतं.

ही मंडळी मनाला येईल ते वाजवत होती, असा समज मात्र काढून टाका. शोफनं कासेल आणि कलोन इथे रीतसर संगीतशिक्षण घेतलं होतं. बेर्न्ट आलोइस त्सिमरमान या संगीतकाराच्या १९६५ साली कलोनला सादर झालेल्या ‘दी झोल्डाटेन’ या ऑपेरात त्याच्या जॅझ संचाला जागा होती. विलेन तर वयाच्या विशीत, १९५७ साली, माइल्स डेव्हिसबरोबर लुई मालच्या चित्रपटाचं पार्श्वसंगीत वाजवून नावारूपाला आला होता. नियम ठाऊक असलेल्या माणसांनी ते बाजूला ठेवले होते.

आणि मोतीहार? ते रविशंकरांकडे शिकलेले. रविशंकर मैहरला बाबा अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडे. कटनीवरून सतन्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की मैहर आपल्याला किती जवळ आहे. बाबांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात मैहरमध्ये अनाथ मुलांना घेऊन जो वाद्यवृंद उभा केला त्यात सतार-सरोदच्या शेजारी व्हायोलिन आणि चेलो होते, आणि बंदुकांच्या नळ्यांपासून बनवलेलं नळतरंगही. तोफगाड्यांचा कारखाना ज्या शहरात आहे तिथल्या माणसानं हे वाद्य एकदा मैहरला जाऊन जरूर पाहावं, ऐकावं. परक्या वाद्याला आपल्यात बसवणं ही साठच्या दशकातली पाश्चात्त्यांची हौस होती असं कोणी म्हणालं तर त्याला मैहरची गोष्ट सांगा. फिलिंगेनच्या त्या स्टुडिओत पोचलेल्या सतारीच्या मागे ही सगळी परंपरा होती.

इतकं करूनही रेकॉर्ड अंगाला लागत नसेल तर एक आडवाट आहे, आणि ती बहुतेकांना उपयोगी पडेल. जो हॅरियट आणि कलकत्त्यात जन्मलेले संगीतकार जॉन मेयर यांची ‘इंडो-जॅझ स्वीट’ ही १९६६ ची रेकॉर्ड आधी ऐका. पाच जॅझवाले आणि पाच जण मेयर यांच्या बाजूचे, असा तो दुहेरी पंचकाचा संच. सतारीवर मोतीहार, तबल्यावर साठे. इथे मेयर यांनी संगीत बरंचसं लिहून दिलं आहे, स्वर ठरवून दिले आहेत, त्यामुळे पायाखाली जमीन असते. त्यातल्या दोन रचनांची नावं मेघ आणि गौड सारंग. त्या ऐकायच्या आदल्या दिवशी तुमच्या आवडत्या गायकाचा किंवा वादकाचा गौड सारंग दुपारच्या वेळी ऐकून घ्या. त्याची वक्र चाल, गंधार-ऋषभ-मध्यमाची ती वळणं कानात मुरू द्या. दुसऱ्या दिवशी हॅरियटचा सॅक्सोफोन त्या वळणांवरून कसा जातो ते ऐका. कुठे तो वळण घेतो, कुठे सरळ कापून जातो. कापून गेला की आपण चटकन म्हणतो, राग बिघडला. तसं म्हणायचं असेल तर म्हणा, मलाही काही ठिकाणी तसंच वाटतं. पण त्यानंतर एक प्रश्न स्वतःला विचारा: राग बाजूला ठेवला तर त्या क्षणी सॅक्सोफोन काय म्हणतो आहे? हा प्रश्न विचारता येऊ लागला की ‘जॅझ मीट्स इंडिया’कडे परत या.

पुढच्या वर्षी याच संचाची ‘इंडो-जॅझ फ्यूजन्स’ आली. तिच्यात मुलतानी आहे. ज्यांना तीव्र मध्यम आणि कोमल ऋषभाचं ते ताणलेलं नातं आवडतं त्यांनी तीही ऐकावी. हॅरियट जानेवारी १९७३ मध्ये, पंचेचाळिशीही न गाठता, हलाखीत गेला. आज इंग्लंडमध्ये त्याची आठवण पुन्हा निघू लागली आहे, ‘फ्री फॉर्म’ला आता तिथे मान मिळतो. साठ्यांच्या वाट्याला एवढंही आलेलं नाही.

मेयर-हॅरियट यांच्या रेकॉर्डी आणि फिलिंगेनची रेकॉर्ड यांत माझी पसंती फिलिंगेनला आहे, ती का हेही सांगायला हवं. लिहून ठरवलेल्या संगीतात दोन्ही बाजू एकमेकींत मिसळतात खऱ्या, पण त्यासाठी दोघांनाही आपले कोपरे घासून घ्यावे लागतात. फिलिंगेनमध्ये कोपरे शाबूत आहेत. भारतीय त्रयी आपल्या रीतीनं वाजवते, श्वाइत्सर, ट्रेप्टे आणि नॉयमायर यांची त्रयी आपल्या रीतीनं, आणि जिथे दोन्ही एकत्र येतात तिथे सांधा दिसतो. काही जागी तो सांधा निसटतो, भारतीय वाद्यं नुसती पार्श्वभूमी होऊन राहतात, हेही खरं. ‘भारत’ या एका शब्दाखाली लंडनवासी वादकांची एक त्रयी उभी करणं हे त्या काळच्या युरोपीय नजरेचं लक्षण होतं, आणि बेरेंट यांच्या मालिकेवर तो आक्षेप योग्यच आहे. त्याच मालिकेत ट्युनिशिया आणि बालीवरच्याही रेकॉर्डी निघाल्या. असं असलं तरी सांधा लपवलेला नाही यात मला मोठा प्रामाणिकपणा वाटतो. पुढच्या पन्नास वर्षांत फ्यूजनच्या नावाखाली आपण जे गुळगुळीत संगीत ऐकलं, लग्नाच्या स्वागतसमारंभांपासून विमानतळांपर्यंत, त्याच्यानंतर ही रेकॉर्ड ऐकली की दोन अनोळखी माणसं पहिल्यांदा भेटतात तेव्हाचं खरं अवघडलेपण आणि खरं कुतूहल ऐकू येतं. सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेन, ज्यानं ‘इंडिया’ नावाची रचना केली आणि मुलाचं नाव रविशंकरांवरून रवी ठेवलं, तो १९६७ च्याच १७ जुलैला चाळिसाव्या वर्षी गेला. त्याच्या मनात असलेली जॅझ आणि भारतीय संगीताची भेट पुरी झाली नव्हती. तीन महिन्यांनी फिलिंगेनमध्ये काही तरुणांनी आपल्या परीनं ती करून पाहिली.

शक्य असेल तर ही रेकॉर्ड एकट्यानं ऐकून सोडू नका. दोन-चार जणांना घरी बोलवा. त्यात एक तबला शिकलेला असावा, मग तो आठवी-नववीतला विद्यार्थी असला तरी चालेल, आणि एक असा असावा ज्याला रागसंगीताचा गंध नाही. या दुसऱ्या माणसाचं ऐकणं आपल्याला फार शिकवतं, कारण तो काय असायला हवं होतं याचा विचार न करता काय आहे ते सांगतो. लावण्याआधी भाषण करू नका. ‘याद’ लावा, संपल्यावर पाच मिनिटं चहा होऊ द्या, मग प्रत्येकाला एकच विचारा: तुम्ही कोणत्या वाद्याच्या मागे होता? उत्तरं वेगवेगळी आली की तीच रचना पुन्हा लावा, आणि या वेळी प्रत्येकानं दुसऱ्यानं सांगितलेलं वाद्य धरायचं. तबला शिकणाऱ्या मुलाला हातात कागद द्या, त्याला जिथे ठेका ओळखू येईल तिथे वेळ लिहून ठेवायला सांगा. मुलांना हे काम फार आवडतं, आणि परीक्षेच्या कायद्या-रेल्यांपलीकडे तबल्याचं एक मोठं जग आहे हे त्यांना कळतं. पालकांनी त्यांना साठ्यांचं पुढचं कामही ऐकवावं. इंग्लंडचे गिटारवादक जॉन रेनबोर्न यांच्या संचात साठे सत्तरच्या दशकात वाजवत होते. १९७७ च्या ‘अ मेड इन बेडलम’ या रेकॉर्डमध्ये इंग्लंडच्या जुन्या लोकगीतांखाली त्यांचा तबला आहे, तोही इतका नेमस्त की तो तिथे नवखा आहे असं वाटत नाही. एकच माणूस श्वाइत्सरच्या वादळात आणि त्या शांत लोकगीतांत कसा वावरतो हे शेजारी शेजारी ठेवून ऐकण्यासारखं आहे.

सुरुवातीला कोणी मध्येच उठून गेलं तर त्याला अडवू नका. फ्री जॅझ आवडायलाच हवं असा कोणावर आग्रह नको. निम्मं ऐकून सोडलं आणि महिन्यानं उरलेलं ऐकलं तरी काही बिघडत नाही. एका बैठकीत एकच बाजू पुरे. कान थकला की सगळंच सारखं ऐकू येऊ लागतं, आणि तिथे थांबणं शहाणपणाचं.

ही रेकॉर्ड रुळली की पुढच्या दोन बैठकी आखून ठेवा. पहिली ‘करुणा सुप्रीम’ची. सॅक्सोफोनवादक जॉन हँडी, सरोदवर मैहरच्याच बाबांचे चिरंजीव अली अकबर खाँ आणि तबल्यावर झाकीर हुसेन, १९७५ साली, ध्वनिमुद्रण पुन्हा फिलिंगेनलाच. मधल्या आठ वर्षांत त्या गावातला स्टुडिओ भारतीय वाद्यांच्या शेजारी जॅझ बसवायला कसा शिकला ते लगेच कळतं, आणि काय हरवलं तेही. दुसरी बैठक ऑर्नेट कोलमनच्या ‘फ्री जॅझ’ची. ती सुमारे ३७ मिनिटांची एकसलग रचना आहे. त्यात चार-चार वादकांचे दोन संच आहेत आणि ध्वनिमुद्रणात एक संच डावीकडे, दुसरा उजवीकडे ठेवलेला आहे. त्यामुळे ती हेडफोन लावूनच ऐका: आधी दहा मिनिटं फक्त डावा कान, मग तीच दहा मिनिटं फक्त उजवा, आणि त्यानंतर सुरुवातीपासून दोन्ही.